मदत हवी आहे: वकिलीतून विधी महाविद्यालयातील अध्यापनाकडे

सर्व सदस्यांना नमस्कार. मी गेली अकरा वर्षे जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवत असून, एलएल.एम. ५८ टक्क्यांनी आणि सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता) परीक्षा उत्तीर्ण झाल्यामुळे सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करीत आहे. वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, परंतु पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करावी लागते. माझी खरी अडचण इथेच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, १९२८ मध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयात अर्धवेळ प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तिथलेच प्राचार्य. त्या काळी कोर्ट आणि वर्ग यांतील वाट बरीच मोकळी होती. आज मात्र, नुकत्याच झालेल्या एका मुलाखतीत, माझ्या हाती कोर्टाच्या फायली असतानाही, समितीने पहिला प्रश्न विचारला तो शोधनिबंधांचा. उलटतपासणी कशी बांधतात, हे कोणी विचारलेही नाही. (राग नाही, पण जरा खुपले.)

आपल्यापैकी जे वकिली सोडून अध्यापनात गेले, त्यांनी कृपया सांगावे: वकिलीची वर्षे नेमणुकीच्या वेळी कितपत धरली गेली? आधी तासिका तत्त्वावर शिकवून पीएच.डी. करणे शहाणपणाचे ठरले, की थेट सनद स्थगित करणे? आणि हातातले चालू दावे सहकाऱ्याकडे सोपवताना पक्षकारांची समजूत आपण कशी घातली?