अनुभव धागा: बाउंडरी वॉटर्स, तळ्यांचे अरण्य

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्येला, कॅनडाच्या सीमेलगत, ‘बाउंडरी वॉटर्स’ हे 10 लाख एकरांहून मोठे अरण्य पसरले आहे. हिमनद्यांनी खरवडून काढलेल्या कातळात हजाराहून अधिक तळी साचली असून त्यांच्यामध्ये पाइन आणि भूर्जाची दाट राने आहेत. एलीसारखी लहान गावे तेवढी वेशीवर आहेत. 1964 च्या अरण्य कायद्याने आणि पुढे 1978 च्या स्वतंत्र कायद्याने या प्रदेशाला संरक्षण मिळाले, आणि आजही येथील बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी आहे. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचे तर कॅनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन मधली पायवाट तुडवावी लागते. या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात व तिची लांबी साडेसोळा फुटांच्या ‘रॉड’ या मापात मोजतात. हे कष्ट आहेत म्हणूनच येथील शांतता आणि प्राणी टिकले आहेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्यापैकी जे तेथे जाऊन आले असतील त्यांनी सविस्तर लिहावे. मुले, ज्येष्ठ मंडळी आणि जेवणाची व्यवस्था यांविषयी अवश्य लिहावे.

मिनियापोलिसहून

आम्ही मुलांना आणि माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो. आत डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई असल्यामुळे लोणचे प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत भरले, आणि दशम्या, मेतकूट, भाजून ठेवलेला रवा व मुगाची डाळ एवढ्यावर सर्वांचे उत्तम भागले. अस्वलांमुळे सगळे अन्न, अगदी दातांची पेस्टसुद्धा, अस्वलाला उघडता न येणाऱ्या पिंपात बंद करून तंबूपासून दूर ठेवावे किंवा झाडावर उंच टांगावे लागते. मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करायचा असतो. तेथे लोखंडी जाळीची चूल असते आणि थोडे आत, झाडीत, भिंती किंवा छप्पर नसलेला शौचकूप असतो. ज्येष्ठांना याची कल्पना आधीच द्यावी. सासूबाईंनी ती व्यवस्था सहज स्वीकारली आणि रोज पहाटे सर्वांच्या आधी उठून त्या पाण्याकाठच्या खडकावर जपाला बसत.

तेथेच त्यांना लून पक्ष्याची जोडी दिसली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पाठ, लालभडक डोळे आणि आईच्या पाठीवर बसून निघालेले करड्या लवीचे पिल्लू आम्ही सर्वांनी डोळे भरून पाहिले. रात्री याच पक्ष्याची लांबवर घुमणारी साद एका तळ्यावरून उठते आणि पुढच्या तळ्यावरून तिला उत्तर येते. मासेमारी करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. गळाला शिशाची वजने लावू नयेत, कारण ती गिळल्याने लून विषबाधेने मरतात.

शिकागोहून

मी सप्टेंबरमध्ये गेलो, तेव्हा डास आणि चावऱ्या माश्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. एका उथळ खाडीत मूस या अवाढव्य हरणाची मादी पोटापर्यंत पाण्यात उभी होती. ती संपूर्ण डोके पाण्याखाली घालून तळाच्या वनस्पती उपटत होती, आणि मान वर काढली की कानांवरून पाणी निथळत असे. आम्ही वल्ही उचलून स्तब्ध राहिलो. ती आमच्याकडे एकदाच पाहून पुन्हा चरू लागली. मूस दिसला तर अंतर राखावे, विशेषतः पिल्लू सोबत असल्यास.

पुढे 2011 च्या पगामी क्रीक वणव्यात जळालेला भाग लागला. विजेमुळे पेटलेल्या त्या वणव्यात सुमारे 92 हजार एकर क्षेत्र जळाले होते. आता काळ्या उभ्या खोडांमध्ये जॅक पाइनची कोवळी झाडे इतकी दाट वाढली आहेत की आत शिरता येत नाही. या वृक्षाची राळेने बंद असलेली फळे आगीच्या उष्णतेने उघडतात आणि बिया राखेत पडतात. वणव्याकडे केवळ नाश म्हणून पाहण्याची माझी दृष्टी तेथे बदलली.

डुलूथहून

या भूमीला ‘निर्मनुष्य’ म्हणताना येथील मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा विसर पडू नये. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1854 च्या करारानंतरही शिकारीचे, मासेमारीचे आणि वनोपज गोळा करण्याचे त्यांचे हक्क कायम आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस ते कॅनूत बसून ‘मनोमिन’ हा पाण्यात वाढणारा रानतांदूळ काठ्यांनी झोडपून गोळा करतात. एलीजवळच्या नॉर्थ हेगमन तळ्यावर उभ्या कड्यावर गेरूने काढलेली चित्रे आहेत: हात पसरलेला माणूस, मूस, लांब शेपटीचा प्राणी. कॅनूतूनच ती पाहावीत. हात लावू नये, पाणी उडवू नये.

धागाकर्ता

अरण्यात जाण्यासाठी लागणाऱ्या परवान्याविषयी अनेकांनी विचारले आहे. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशस्थानाला रोजचा कोटा असतो, आणि त्याचे आरक्षण जानेवारीच्या अखेरीस खुले होते. एका गटात जास्तीत जास्त 9 माणसे आणि 4 होड्या चालतात. भारतातून आई-वडील येणार असतील, तर जून टाळून ऑगस्टचा विचार करावा, पोर्टेज आखूड असलेले प्रवेशस्थान निवडावे आणि केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची हलकी कॅनू भाड्याने घ्यावी. आत मोबाइलवर विसंबून राहता येत नाही, म्हणून पाण्याने न भिजणारा छापील नकाशा आणि होकायंत्र प्रत्येक कॅनूत स्वतंत्र असू द्यावे.