शब्दचर्चा: पडद्यावर नावं पडू लागली की…

शेवटची रांग:
सिनेमा संपल्यावर पडद्यावर जी नावं पडतात ती कशी वाचायची, यावर एक टिपण लिहितेय. नवे सिनेमे बघणाऱ्यांसाठी. कुठवर बसून राहायचं, कुठे उठलं तरी चालतं आणि ही एवढी माणसं नेमकं करतात काय, असा सगळा मामला. माहिती जमलीय, घोडं अडलंय शब्दांवर.

पहिला प्रश्न अख्ख्या यादीचा. ‘एंड क्रेडिट्स’ सगळ्यांना कळतं, पण दर वाक्यात आलं की वाचताना दाताखाली खडा येतो. बोलताना आपण ‘टायटल्स’ म्हणतो, त्यात सुरुवातीची की शेवटची ते कळत नाही. जुनी मंडळी ‘पाट्या’ म्हणतात. पण मराठीत ‘पाट्या टाकणे’ म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. रात्र रात्र जागून काम केलेल्या माणसांच्या नावांना तो शब्द लावायला जीव धजत नाही.

दुसरा प्रश्न, यादी संपल्यावर येणाऱ्या त्या चिमूटभर दृश्याला काय म्हणायचं? आणि तिसरा, गॅफर, ग्रिप, बेस्ट बॉय, फोली यांचं मराठी करायचं की नाही?

पोथीपुराण:
‘श्रेयनामावली’ बिनधास्त लिहा. नुसतं ‘नामावली’ मोघम आहे, ती मतदारांचीही असते आणि देवांचीही. ‘श्रेय’ने अर्थ नेमका होतो. संस्कृतात श्रेय म्हणजे अधिक हिताचं ते. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी जोडी येते ती त्याच अर्थाने. मराठीत मात्र ते ‘या कामाचा मान कुणाचा’ इथवर येऊन थांबलं आणि वर्तमानपत्रांनी त्याची ‘श्रेयवादाची लढाई’ करून टाकली. सिनेमाला हा उतरलेला अर्थच जास्त शोभतो, असं माझं मत. कुणाचं नाव एकट्याने झळकणार, कुणाचं चौघांत, कुणाच्या आधी ‘आणि’ लागणार, हे मोठ्या नावांच्या बाबतीत करारात लिहिलेलं असतं. म्हणजे ती यादी हा एका परीने तहनामाच.

एक बारकावा सांभाळा. यादीच्या तळाशी ‘विशेष आभार’ किंवा ‘ऋणनिर्देश’ येतो, ते श्रेय नव्हे. ज्याने काम केलं त्याला श्रेय, ज्याने जागा दिली, जुनी छायाचित्रं दिली, अडल्या वेळी शब्द टाकला, त्याचं ऋण. पडद्यावर दोन्ही एकाच ओघात सरकतात, पण मराठीत दोन शब्द हाताशी आहेत तर एकात कोंबू नका.

आणि हो, शेवटी नावं देण्याची रीत काही सिनेमाने आणलेली नाही. हस्तलिखित पोथीच्या शेवटी पुष्पिका असायची. ग्रंथ कोणता, नक्कल कुणी केली, कधी, कुठे, कुणासाठी. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस पाहा: ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ सन, कर्ता आणि लिहून घेणारा, तिन्ही श्रेयं एका ओवीत. यातला ‘लेखकु’ म्हणजे आजचा लेखक नव्हे, लेखनिक! रचना ज्याची त्याचा उल्लेख आधीच होऊन गेलाय.

बाळबोध:
मग ‘पुष्पिका’च लिहावं की! किती गोड शब्द आहे.

पोथीपुराण:
गोड आहे म्हणूनच नको. वाचणाऱ्याला फुलं दिसतील, नावं नाही.

कातरकाम:
माझा संबंध संकलनाच्या टेबलाशी, तेव्हा तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. आधी आपलेच शब्द बघू. रोज वापरून त्यांची गंमत दिसेनाशी झालीय.

‘संकलन’ म्हणजे एकत्र करणं, गोळा करणं. दिवसभर आम्ही करतो ते त्याच्या उलट, चांगलं चित्रित झालेलं फेकून देतो. तरी शब्द मला पटतो, कारण कापणं डोळ्यांना दिसतं आणि जोडणं दिसत नाही. वर्तमानपत्रात संपादक, सिनेमात संकलक, ही वाटणी मराठीने छान केली आहे. ‘छायालेखन’ आणखी मजेशीर. ‘फोटोग्राफी’ची मूळ ग्रीक घडण ‘प्रकाशाने लिहिणे’ अशी आहे, आपण सावलीने लिहितो. चांगला छायालेखक तुम्हाला सांगेल की दिवा कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही, यावरच दृश्य ठरतं. ‘नेपथ्य’ तर पार घर बदललेला शब्द. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे नटाची वेशभूषा, आणि पडद्यामागची तयार होण्याची जागाही. ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की पडद्याआडून आवाज. मराठीत तेच नेपथ्य पडद्यापुढे येऊन उभं राहिलं आणि त्याचा अर्थ झाला मंचावरची सजावट, सेट.

आता गॅफर मंडळी. माझा सल्ला, यांचं भाषांतर करू नका, काम सांगा. सेटवर ‘अहो मुख्य प्रकाशतंत्रज्ञ’ अशी हाक कुणी मारत नाही. गॅफर म्हणजे दिव्यांच्या पथकाचा प्रमुख. छायालेखक सांगतो, ‘खिडकीतून सकाळ यायला हवी’. ती सकाळ कोणत्या दिव्याने, किती उंचीवरून, कोणत्या कापडातून गाळून आणायची, ते गॅफर बघतो. ग्रिप हा त्याचा शेजारी. अमेरिकी पद्धतीत ग्रिप विजेच्या तारेला हात लावत नाही. कॅमेरा ज्यावर बसतो, सरकतो, उचलला जातो ते सगळं सामान त्याचं. दिव्यापुढे धरायची काळी कापडं, चौकटी, म्हणजे प्रकाश अडवण्याचं कामही त्याचंच. या पथकाचा म्होरक्या ‘की ग्रिप’, आणि कॅमेऱ्याची गाडी रुळांवरून ढकलणारा ‘डॉली ग्रिप’. कलाकार चालत चालत बोलतोय आणि कॅमेरा त्याच्याबरोबर पाण्यासारखा सरकतोय असं दिसलं, तर त्यात डॉली ग्रिपच्या पावलांचा अंदाज असतो. तो अर्धा क्षण आधी थांबला तर सगळं पुन्हा.

बेस्ट बॉय ना बॉय ना बेस्ट. गॅफरचा किंवा की ग्रिपचा उजवा हात. माणसं किती लागतील, सामान कधी येईल, भाड्याचं परत कधी जाईल, हा हिशेब त्याच्याकडे. बाईमाणूस त्या जागी असली तरी अनेक याद्यांत पदनाम तेच राहतं. याला मराठीत ‘हाताखालचा’ म्हणू नका, ‘कारभारी’ म्हटलंत तर कामाच्या जवळ जाईल.

शेवटची रांग:
‘कारभारी’ आवडला! पण फोली? तिथे ‘पार्श्वध्वनी’ चालेल ना?

कातरकाम:
नाही चालणार, पार्श्वध्वनीत वारा, रहदारी, पंखा सगळं येतं. फोली हे माणसाचं आडनाव आहे. जॅक फोली, युनिव्हर्सल स्टुडिओतले. 1920च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले तेव्हा चित्र बघत बघत त्याच तालावर पावलं, कपड्यांची सळसळ, वस्तूंचे आवाज करून ते मुद्रित करण्याची पद्धत त्यांच्या नावावर रूढ झाली. आजही काम तसंच चालतं. फोली कलाकार पडद्यावरच्या बाईची चाल बघतो, तिच्यासारखी चप्पल घालतो, लाकूड किंवा वाळू पसरलेल्या चौकोनात उभा राहतो आणि जागच्या जागी तिची चाल चालतो. ती दचकून थबकली की हाही थबकतो. बर्फावरची पावलं हवी असतील तर कॉर्नस्टार्चची पिशवी दाबतात, हुबेहूब करकर येते. याला मी ‘आवाजाचा अभिनय’ म्हणेन, पण यादीत ‘फोली’च ठेवेन.

फोलीच्या खाली बऱ्याचदा ‘एडीआर’ दिसतं. चित्रीकरणावेळी बिघडलेले किंवा बदललेले संवाद त्याच कलाकाराकडून नंतर बोलवून घेणं. आपल्याकडे यालाही डबिंग म्हणतात आणि दुसऱ्या भाषेत संवाद भरण्यालाही डबिंगच. टिपणात हे दोन वेगळे लिहा, नाहीतर लोकांना वाटेल की सिनेमा अनुवादित आहे.

बाळबोध:
मला दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा. सर्व दिवे लागलेत, लोक जिन्यात पोहोचलेत आणि आपण दहा जण ताटकळत बसलोय ते त्या दृश्यासाठी! इंग्रजीत त्याला स्टिंगर म्हणतात. आमच्यात ‘शेपूट’ म्हणतात. ‘या सिनेमाला शेपूट आहे का रे?’ कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

पोथीपुराण:
शेपूट बोलायला झकास. लिहायला ‘भरतवाक्य’ सुचवणार होतो, पण थांबलो. भरतवाक्य नाटकाच्या शेवटी येतं खरं, मात्र ते मंगल करून गोष्ट मिटवतं. हे दृश्य गोष्ट मिटवत नाही, पुढच्या सिनेमाचं दार किलकिलं करतं. म्हणजे कामाने ती नांदी झाली, फक्त शेवटी बसवलेली.

कातरकाम:
सगळी तशी नसतात. 2008च्या ‘आयर्न मॅन’नंतर पुढच्या भागाची चाहूल देणारी दृश्यं फोफावली, हे खरं. पण त्याआधीही विनोदी सिनेमे उठून चाललेल्या प्रेक्षकाची थट्टा करायला असा तुकडा ठेवायचे. काही सिनेमांत नावांशेजारी चुकलेले, हसू फुटलेले शॉट दाखवतात. तेव्हा थट्टेचं असेल तर ‘शेपूट’ आणि पुढचं सूचित करणारं असेल तर ‘नांदी’, असे दोन्ही ठेवावेत.

आणि बाळबोध, ताटकळायचं किती, याला एक खूण आहे. बऱ्याच नव्या मोठ्या सिनेमांत सुरुवातीला नावंच नसतात. सिनेमा संपला की आधी सजवलेल्या, एकेका नावाच्या पाट्या येतात. त्या संपतात आणि मग काळ्या पडद्यावर खालून वर सरकणारी लांबलचक यादी सुरू होते. मधलं दृश्य असलं तर ते बहुधा या दोन्हींच्या सांध्यात येतं, शेवटचं असलं तर यादी पूर्ण सरकल्यावर. सांध्यातलं दृश्य बघून ‘झालं’ म्हणून उठणारे फसतात ते इथेच.

त्या पाट्यांचा क्रमही बघा. अमेरिकी सिनेमात सुरुवातीला नावं असली तर दिग्दर्शकाचं नाव सर्वांत शेवटी येतं. तीच नावं शेवटी नेली की क्रम उलटतो आणि दिग्दर्शक पहिला. मान तोच, गोष्टीच्या सर्वांत जवळची जागा त्याची.

शेवटची रांग:
हे घेतेच. ‘ज्यांचं नाव नाही’ त्यांच्यासाठी शब्द आहे का? एवढ्या मोठ्या यादीतही माणसं सुटतात म्हणे.

कातरकाम:
सुटतात. विशेषतः दृश्यपरिणामांच्या कामात. एकेका कंपनीच्या वाट्याला ठरावीक जागा येते आणि काम केलेली माणसं त्याहून जास्त असतात. कोण राहिलं ते बाहेर कुणाला कळतही नाही. एका सिनेमात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहायकाचं असंच झालं होतं. त्याने यादी दोनदा थांबवून बघितली आणि मग काही न बोलता पुढचं रीळ लावलं.

पोथीपुराण:
‘अनुल्लेखित’. मराठीत ‘अनुल्लेखाने मारणे’ हा वाक्प्रचारच आहे, यापुढे काय बोलायचं. उलट बाजूही आहे. आपलं नाव नको, असं म्हणणारे. सिनेमा आपल्या हातून काढून घेऊन भलताच केला, असं संघटनेला पटवून देणाऱ्या अमेरिकी दिग्दर्शकांसाठी ‘अ‍ॅलन स्मिथी’ हे खोटं नाव ठेवलेलं होतं. 1969 सालच्या एका वेस्टर्न सिनेमापासून ते सुरू झालं आणि 2000च्या सुमारास बंद केलं, कारण तोवर सर्वांना त्याचा अर्थ कळला होता. अशा नावाला काय, श्रेय की अपश्रेय? ‘अपश्रेय’ हा शब्द मराठीत आहे आणि फार कमी वापरला जातो.

बाळबोध:
पटकथेच्या पाटीवर कधी दोन नावांमध्ये अँड असतं, कधी ते ‘&’ असं वळणदार चिन्ह. त्यात काही अर्थ आहे का की जागा वाचवायला?

कातरकाम:
आहे ना. अमेरिकी लेखक संघटनेच्या नियमात ते चिन्ह म्हणजे दोघांनी जोडीने लिहिलं. ‘अँड’ म्हणजे वेगवेगळं लिहिलं, बहुतेकदा एकाचा खर्डा दुसऱ्याने पुन्हा लिहिला. एका पाटीवर दोन्ही आले तर आधी एक जोडी होती, मग तिसरा आला, असं वाचायचं.

पोथीपुराण:
मराठीत याची सोय आयती आहे! ‘व’ आणि ‘आणि’. जोडीला ‘व’, वेगळ्यांना ‘आणि’.

शेवटची रांग:
छान आहे, पण ‘व’ आपण कुठेही टाकतो. कलाकारांच्या यादीत शेवटच्या नावाआधी ‘व’ असतो, तिथे जोडीचा काय संबंध? शिवाय तिथल्या ‘आणि’ला स्वतःचा रुबाब. ‘आणि’ म्हणून एकटं येणारं नाव हे बहुधा बुजुर्गाचं.

पोथीपुराण:
म्हणून फक्त लेखनाच्या पाटीपुरतं म्हणतोय. टिपणात एक ओळ घाला, लोक वापरून बघतील.

बाळबोध:
अगदी तळाला ते ‘साधर्म्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा’ असतं, त्यात ‘साम्य’ का नाही?

पोथीपुराण:
साम्य दिसण्यातलं, साधर्म्य गुणधर्मातलं. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही हवेत, पण ‘साधर्म्य’ची सवय झालीय. या ओळीमागे खरा खटला आहे. 1932च्या रासपुतीनवरच्या एका हॉलिवूडपटातलं राजकन्येचं पात्र म्हणजे मीच, आणि त्यात माझी बदनामी आहे, असा दावा इरीना युसुपोव्ह यांनी लंडनच्या न्यायालयात केला आणि 1934 मध्ये जिंकला. त्यानंतर ही ओळ सगळीकडे लागली. पोथ्यांच्या लेखनिकांनी मात्र खटल्याची वाट पाहिली नव्हती: ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥’ जसं पुस्तक दिसलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्ध काही असलं तर मला दोष देऊ नका.

कातरकाम:
हे संकलकाच्या टेबलावर चिकटवायला हवं.

शेवटची रांग:
ठरलं तर. यादी ‘श्रेयनामावली’, तळाचा भाग ‘ऋणनिर्देश’, गॅफर आणि फोली जसेच्या तसे, कामाच्या दोन दोन ओळींसह. शेपूट आणि नांदी दोन्ही ठेवते. ‘व’चं मात्र अजून मनात बसत नाहीये. कुणाला लेखनाच्या पाटीवरचा आणखी बरा पर्याय सुचला तर सांगा.