कॅथलिक शाळेचा ड्रेस कोड: मुलाच्या बाळ्या, मुलीची मेंदी, काय करावं?

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. सप्टेंबरपासून दोन्ही मुलं इथल्या एका पॅरिशच्या (स्थानिक कॅथलिक चर्चच्या) शाळेत जाणार. लेक तिसरीत, धाकटा केजीत. लेक आजवर पब्लिक स्कूलला होती, म्हणजे सकाळी हाताला लागेल तो टीशर्ट. आता हँडबुक आलंय.

कपड्यांचं समजलं. तिला चौकड्यांचा जंपर (बिनबाह्यांचा फ्रॉक), पांढरा ब्लाउज. त्याला नेव्ही पँट, पट्टा, शाळेचा लोगो असलेला पोलो. पीईच्या (पीटीच्या) दिवशी घरूनच स्वेटपँट घालून जायचं, पण मास (चर्चमधली प्रार्थना) असेल तर पूर्ण गणवेश. हूडी नाही, दिवे लागणारे बूट नाहीत (यावर घरात रडारड होऊन गेली).

अडलंय पुढे. मुलग्यांनी कानात काहीही घालायचं नाही. धाकट्याचे कान बारशाला टोचलेत, बारीक सोन्याच्या बाळ्या आहेत. काढल्या तर भोकं बुजतील, असं सासूबाई म्हणतात. मुलींना एक जोडी चालते, लोंबती नको. नेलपॉलिश आणि खोटे टॅटू बंद. मेंदीबद्दल अक्षर नाही, आणि ऑक्टोबरात माझ्या बहिणीचं लग्न आहे! मेंदी काय दोन दिवसांत जाते थोडीच? गळ्यात क्रॉस किंवा 'धार्मिक मेडल' चालेल असं लिहिलंय. मग गणपतीचं पदक?

नवरा म्हणतो, विचारलंस तर नाहीच म्हणतील, गुपचूप पाठव. मला ते पटत नाही. वर्गात सगळ्यांदेखत पाच वर्षांच्या पोराच्या बाळ्या उतरवायला लावल्या तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत जाईल का? कुणाची मुलं अशा शाळेत असतील तर सांगा, प्रिन्सिपलना कसं विचारलंत?

प्रतिसाद १
आत्ताच विचारा, ईमेलने, म्हणजे उत्तर लेखी राहील. भाषा मात्र विनंतीची ठेवा. फर्स्ट अमेंडमेंट (अमेरिकी घटनेतली धर्मस्वातंत्र्य देणारी दुरुस्ती) सरकारी शाळेला बांधतं, खासगी शाळेला नाही. हँडबुकवर सही केलीत की तेच नियम. आमच्याकडे मेंदीला लग्नाची तारीख कळवल्यावर परवानगी मिळाली, मुलग्याच्या कानातल्याला नाही. त्याला वीकेंडला आणि सुट्टीत घालतो, भोकं अजून शाबूत आहेत. पारदर्शक रिटेनर (भोकं बुजू नयेत म्हणून कानात घालायच्या बारीक काड्या) मिळतात, पण तेही विचारूनच. पदक कॉलरच्या आत राहिलं तर सहसा कोणी बघत नाही, तरी त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

प्रतिसाद २
टिकलीचंही विचारा. अ‍ॅश वेन्सडेला (ईस्टरआधीच्या उपासाच्या पहिल्या दिवशी) तिथली अर्धी शाळा कपाळावर राखेचा क्रॉस घेऊन फिरते, त्यामुळे कपाळावरची खूण त्यांना नवी नाही. राख हवी तर आपली मुलंही घेऊ शकतात, सक्ती नसते. कम्युनियन (मासमध्ये देतात तो ब्रेडचा प्रसाद) मात्र घ्यायचं नाही. बऱ्याच ठिकाणी मुलं छातीवर हात दुमडून पुढे जातात आणि फादर आशीर्वाद देतात. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर लेक सगळ्यांसारखा हात पुढे करेल.
आणि जंपर नवा घेण्याआधी पालकांच्या संघटनेकडे जुने गणवेश मिळतात का बघा. नवाच घेतलात तर एक माप मोठा घ्या आणि खालची पट्टी आत दुमडून शिवा. न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, तेवढंच बरं.