दहावीचा निकाल आणि शाळेचं अनुदान एका तक्त्यात कसं मांडायचं?

तापीकाठ : जळगाव जिल्ह्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळा आणि शासकीय आश्रमशाळांची तुलना करायचीय. नाशिक मंडळाचे शाळानिहाय टक्के मिळालेत. ते तसेच लावले तर चालतील का? आणि एका विद्यार्थ्यामागचा सरकारी खर्च कुठून काढू?

पाटचारी : टक्के तसे लावू नका. २२ मुलांच्या वर्गात एक पोरगं नापास झालं की निकाल साडेचार टक्क्यांनी घसरतो. २२० च्या शाळेत अर्धा टक्काही हलत नाही. तीन वर्षांचे बसलेले आणि पास झालेले वेगवेगळे बेरजा, मग भागा. पुनर्परीक्षार्थी बाजूला ठेवा.

खरी गोम नववीत असते. नववीचा पट ६० आणि पुढच्या वर्षी दहावीला बसले ४४, तर शंभर टक्के निकालाचे पेढे कशाला? १६ जण दाखला घेऊन गेले, १७ नंबरचा (शाळेबाहेरून परीक्षा द्यायचा) फॉर्म भरला, की दिवाळीनंतर कापूस वेचायला गेले ते परतलेच नाहीत, हे जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल-खारिजाची नोंदवही) आणि हजेरीपट शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. शिवाय १०० पैकी २० गुण शाळेच्याच हातचे. म्हणून नुसते पास मोजू नका, ६० टक्क्यांच्या वरचे किती तेही घ्या.

लेखाशीर्ष : अनुदानाचा मोठा भाग पगाराचा. माध्यमिकच्या वेतन पथकाकडे (शाळांचे पगार काढणारं सरकारी कार्यालय) माहिती अधिकारात अर्ज टाका (१० रुपये, मुदत ३० दिवस). वेतन, थकबाकी, वेतनेतर (पगाराशिवायचा खर्च) असे तीन रकाने यू-डायस क्रमांकासह (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागा. जळगावचे क्रमांक २७०३ ने सुरू होतात. थकबाकी वेगळी मागितली नाही तर वेतन आयोगाचा हप्ता पडला त्या वर्षी शाळा उगाच श्रीमंत दिसते.

जुने शिक्षक आणि घटता पट असला की दर मुलामागचा खर्च आपोआप फुगतो. त्याला उधळपट्टी म्हणू नका भाऊ. अंशतः अनुदानित, म्हणजे पगाराचा ठरावीक टक्केच भाग सरकारकडून मिळणाऱ्या शाळांचा गट निराळा करा.

पाटचारी : आश्रमशाळेचे आकडे आदिवासी विकास विभागाच्या यावल प्रकल्प कार्यालयातून. त्यात जेवण-निवास असतं, तेव्हा तुलनेला फक्त पगार घ्या.

तापीकाठ : भागायचं दहावीच्या पटाने ना?

लेखाशीर्ष : नाही! शाळा पाचवी ते दहावी असेल तर पगारही पाचवीपासूनच्या शिक्षकांचा आहे. अख्ख्या शाळेच्या पटाने भागा.