मांजरांच्या पिसवांवर घरगुती उपाय हवा आहे, आईला दमा आहे

प्रश्न (महाल, नागपूर)

नमस्कार. आमचे घर जुने असून शहाबादी फरशीच्या सांध्यांना भेगा पडल्या आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून आमची मांजर आणि तिची सहा आठवड्यांची दोन पिल्ले सारखी अंग खाजवत आहेत, आणि आता माझ्या घोट्यांवरही लाल पुरळ उठले आहे. आईला दमा असल्यामुळे घरात औषधाची फवारणी करण्यास मन धजत नाही. शेजारच्या काकूंनी कडुलिंबाचे तेल चोळून पाल्याची धुरी देण्यास सुचवले. कोणी लसूण खाऊ घालावा म्हणते, तर कोणी कापूर ठेवावा म्हणते. यांपैकी मांजरांना बाधणार नाही असे काय आहे?

उत्तर (त्रिमूर्तीनगर)

ताई, गेल्या वर्षी आम्ही तीन आठवडे केवळ मांजराला आंघोळ घालत राहिलो आणि काहीही उपयोग झाला नाही. पिसवेची मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती अंडी केसांना चिकटून न राहता मांजर जिथे झोपते तिथे गळतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून भेगांत व गादीखाली शिरतात. म्हणजे खरे काम जमिनीवर आहे. झाडूने भेगांतली घाण निघत नाही, म्हणून आम्ही व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरवू लागलो आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर टाकू लागलो. मांजराचे अंथरूण जुन्या सुती साडीचे केले आणि दर तीन-चार दिवसांनी कढत पाण्यात धुतले. उवांच्या बारीक फणीने मान आणि शेपटीचे मूळ रोज विंचरावे व फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. फणीवर आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवल्यास तांबूस डाग पसरतो; ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिसवा आपोआप मरतील असे मला वाटत असे. कोरड्या हवेत आणि ३५ अंशांवरच्या उष्णतेत अळ्या तग धरत नाहीत हे खरे, परंतु कूलर लावलेली खोली थंड व दमट राहते, त्यामुळे घरातल्या पिसवांना उन्हाळाही सोसतो. गाद्या व गोधड्या मात्र ऊन मिळेल तेव्हा गच्चीवर जरूर टाकाव्यात.

उत्तर (सेमिनरी हिल्स, पशुवैद्यक)

वरील सल्ला योग्य आहे. माझा आग्रह एवढाच, की 'नैसर्गिक' म्हणजे 'मांजराला निर्धोक' असे कृपया समजू नये. काही द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता माणसापेक्षा किंवा कुत्र्यापेक्षा पुष्कळ कमी असते, आणि अंगावर लावलेले सर्व काही ते चाटून पोटात घेते. म्हणून कडुलिंब, निलगिरी, लवंग, लिंबू किंवा टी-ट्री यांपैकी कोणतेही तेल त्याच्या अंगाला लावू नये. लसूण व कांदा यांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कापूर, डांबरगोळ्या व फिनाईल त्याच्या वावरातून दूर ठेवावेत, आणि धुरी तर आपल्या आईंसाठीच घातक ठरेल.

पिल्लांबाबत मात्र फणीवर विसंबून थांबू नका. एवढ्या लहान जिवाला पिसवांमुळे रक्तक्षय होऊ शकतो. हिरड्या फिकट दिसल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. वय व वजन पाहून मानेवर लावायचे औषध पशुवैद्यकाकडूनच घ्यावे, कारण कुत्र्यांच्या काही औषधांत असलेले परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसल्यास पिसवांतून आलेल्या पट्टकृमीचे औषधही लागेल.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. काल फक्त मोठ्या मांजरीला तेल लावले होते, तेवढे आता साबणाने धुऊन काढले तर चालेल का?

पशुवैद्यक

होय, कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा सौम्य साबण वापरा, नीट पुसून ऊबेत ठेवा. लाळ गळणे, थरथर किंवा झोकांड्या जाणे यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका. पिल्ले तिचे दूध पीत असतील, तर अंग धुऊन होईपर्यंत त्यांना वेगळे ठेवा.