मदत हवी आहे: हद्दीबाहेरच्या उंच इमारतीला शिडीची गाडी कुठून मिळते?

नमस्कार मंडळी. आम्ही बेसा भागात, नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर, बारा मजली इमारतीत राहतो. सोसायटीत वयस्कर माणसं बरीच आहेत, म्हणून विचारतोय.

१०१ ला फोन केला, तर वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचणारी हायड्रॉलिक शिडीची गाडी आमच्याकडे कोण पाठवतं? जवळच्या केंद्राकडे ती नसेल, तर महापालिका किंवा बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीकडून मागवण्याची लेखी व्यवस्था असते का? ती मागणी घटनास्थळावरचा अधिकारी करतो की कंट्रोल रूम? आणि बिल सोसायटीवर येतं का?

दुसरी काळजी जागेची. ही गाडी चारी पाय पसरून, टणक जमिनीवरच उभी राहते. आमच्या गेटवर कमान आहे, आत दोन्ही बाजूंनी कार, आणि मोकळ्या जागेखाली पाण्याची टाकी. तो स्लॅब गाडीचं वजन पेलेल का, हे कोणाकडून तपासून घ्यावं?

२००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी-जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, आम्ही देतो. पंप, स्प्रिंकलर चालू आहेत. पण त्यात शिडीचं काहीच येत नाही. अग्निशमन दलातल्या किंवा एमआयडीसीत सेफ्टी सांभाळणाऱ्या कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा. अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा, एवढं कळलं तरी सोमवारीच देऊन येतो.