मदत हवी आहे: ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ वरून थेट २४.१० वर जाता येईल का?

नमस्कार मंडळी,

गावातल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचं नेटवर्क मी सांभाळतो. राउटर टीपी-लिंक आर्चर सी७, तळाच्या स्टिकरवर व्हर्जन २.०. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) १९.०७.१० आहे, एआर७१एक्सएक्सचं (राउटरच्या चिपसाठीच्या जुन्या प्लॅटफॉर्मचं) बिल्ड. कधी त्रास झाला नाही, म्हणून मी हात लावला नाही. तिथेच चुकलो. १९.०७ चा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्येच संपला, म्हणजे त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं तशीच उघडी आहेत. याच वाय-फायवर मुलं स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतात, फी भरतात, ओटीपी टाकतात. हे कळल्यापासून मला चैन नाही.

मधली २१.०२, २२.०३, २३.०५ ही सगळी पायरी-पायरीने टाकावी लागतात की थेट २४.१० चालेल? सेटिंग्ज टिकतील का? फायरवॉल डॉट यूजर फाइलमध्ये मी आयपीटेबल्सचे (फायरवॉलच्या जुन्या साधनाचे) नियम लिहिलेत, रात्री ११ नंतर फक्त ऑफिसच्या संगणकाला नेट मिळावं म्हणून. याच्या जागी लावायला दुसरा राउटर नाही. हा बंद पडला तर अभ्यासिका बंद, त्यामुळे धीर होत नाही.

वरच्या खोलीत एक जुना डब्ल्यूआर८४१एन राउटर पण आहे, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाला. त्याचं काय करू?

प्रतिसाद:
थेट जा, मधल्या पायऱ्या नकोत. पण सेटिंग्ज अजिबात ठेवू नका. एआर७१एक्सएक्स १९.०७ बरोबरच संपलं, पुढे हे राउटर एटीएच७९ या नव्या प्लॅटफॉर्ममध्ये गेले, आणि वाय-फाय रेडिओचे पत्तेच बदलले. जुनी फाइल आणलीत तर वाय-फाय उठणार नाही. सिसअपग्रेड या अपग्रेडच्या कमांडला ‘-एन’ द्या, म्हणजे जुन्या सेटिंग्ज येणार नाहीत. इमेज जुळत नाही असं म्हणाला तर लगेच ‘-एफ’ (कॅपिटल, म्हणजे जबरदस्तीने टाकणं) मारू नका, आधी फाइलच्या नावात सी७ व्ही२ आहे का ते बघा.

तुमचे रात्रीचे नियम चालणार नाहीत. २२.०३ पासून फायरवॉल आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्सवर आहे. लूसीत (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंग्ज-पानात) ट्रॅफिक रूल्समध्ये वेळेचं बंधन घालायची सोय आहे, तिथे नव्याने लिहा.

पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड आधी कागदावर उतरवा, हे विसरूच नका. आणि लॅनची केबल हाताशी ठेवा, कारण नव्याने टाकल्यावर वाय-फाय बंदच असतं. बिघडलंच तर घाबरू नका, सी७ ला टीएफटीपीने (केबलवरून संगणकातली फाइल देऊन) परत उठवता येतं.

८४१एन ला मात्र निरोप द्या. २१.०२ पासून किमान ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम लागते.

मूळ धागाकर्ता:
मनापासून आभार. रविवारी वाचनालय बंद असताना केलं, सगळं मिळून दोन तास गेले. पीपीपीओईचा पासवर्ड कागदावर होता म्हणून वाचलो, मला तो आठवतच नव्हता. देश भारत निवडून दोन्ही रेडिओ चालू केले, रात्रीचा नियम लूसीतून लिहिला आणि ११ वाजता थांबून तपासला. सपोर्टच्या हिशोबाचं विचारतो: मालिका निघाल्यापासून एक वर्ष किंवा पुढची आल्यावर सहा महिने, यात जे नंतर येईल ते धरायचं ना?

प्रतिसाद:
हो. २३.०५ चं तसंच झालं: फेब्रुवारी २०२५ मध्ये २४.१० आली, ऑगस्टमध्ये २३.०५ चा सपोर्ट संपला. पुढची मालिका आली की कॅलेंडरवर सहा महिन्यांची खूण करा.